हिशेबाची वही कोणाच्या हातात?

कासारवाडीला मुंबई-पुणे रस्ता सोडला की नाशिक फाटा लागतो. तिथे आता दुमजली उड्डाणपूल झाला आहे. या फाट्यावरून निघालेला रस्ता भोसरी, मोशी करीत चाकणला जातो आणि पुढे नाशिकला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने, त्यांना सुटे भाग पुरवणारी वर्कशॉपे, आणि त्या वर्कशॉपांत काम करणारी आपली पोरे.

गेल्या हंगामात आम्ही कासारवाडीत अशाच एका खोलीवर मुक्कामाला होतो. दहा बाय बाराची खोली, सहा पोरे आणि तीन पाळ्या. दोघे कामावर गेले की दोघे झोपायला येतात. कोणी यवतमाळचा, कोणी परभणीचा, कोणी बीडचा. त्यांतला एक जण भोसरीच्या एका वर्कशॉपात मशीन चालवतो. बोलता बोलता त्याने सांगितले की मशीनशेजारी एक तक्ता टांगलेला असतो. दर दोन तासांनी त्यावर लिहायचे : किती नग झाले, किती खराब गेले, मशीन किती मिनिटे बंद पडले आणि कशामुळे बंद पडले. एक नग कितीत पडतो हे त्याच्या मालकाला पैशापर्यंत ठाऊक असते.

आम्ही त्याला विचारले, "तुझ्या घरचा कापूस क्विंटलला कितीत पडतो?"

तो हसला. "बाबांना विचारा. पण त्यांनाही सांगता येणार नाही," म्हणाला.

बापाची पाच एकर कोरडवाहू जमीन आहे आणि तीस वर्षांचा अनुभव आहे. कोणत्या ढगाला पाऊस आहे आणि कोणत्याला नाही हे त्याला कळते. पण स्वतःच्या मालाचा खर्च त्याला सांगता येत नाही. यात त्याला दोष द्यावा असे काही नाही. त्याला ते कोणी शिकवले नाही आणि त्याने ते शिकू नये यात अनेकांचे हित होते. या अंकात आम्ही त्याबद्दल बोलणार आहोत.

कारखाना काय करतो

मोठ्या कारखान्यात आज एकच वही असते. ती संगणकात असते आणि तिला ते ईआरपी म्हणतात. भांडारात किती बोल्ट आहेत, आज किती गाड्या बाहेर पडायच्या आहेत, त्यासाठी उद्या किती बोल्ट लागतील, ते कोणाकडून कोणत्या भावाने यायचे आहेत, कोणाचे बिल थकले आहे, हे सारे त्या एका वहीत असते. भांडाराचा बाबू एक आकडा सांगतो आणि हिशेबनीस दुसरा, असे तिथे चालत नाही. कारखाना लोखंडाचा कीसही तोलून विकतो आणि त्याचे पैसे हिशेबात धरतो. आपण ज्वारीचा कडबा स्वतःच्याच बैलापुढे टाकतो आणि तो हिशेबात कुठेही धरत नाही, ना उत्पन्नात ना खर्चात.

ही वही साहेबांच्या हौसेसाठी नसते. गाडीची किंमत ठरवताना कारखानदार तीच उघडतो. पोलाद महागले, वीज महागली, मजुरी वाढली की गाडीचा भाव वाढवायचा की नाही हे तो तिच्यावरून ठरवतो. महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ साली गुणवत्तेसाठीचे जपानचे डेमिंग पारितोषिक मिळाले. तो ट्रॅक्टर आपणच विकत घेतो. त्याच्या किमतीत प्रत्येक नटाचा, प्रत्येक मजुराच्या तासाचा आणि गुंतवलेल्या पैशावरच्या व्याजाचा हिशेब धरलेला असतो. त्याच ट्रॅक्टरने नांगरलेल्या शेतातल्या कापसाच्या किमतीत शेतकऱ्याच्या बायकोच्या एका दिवसाचाही हिशेब नसतो.

ही विद्या मूळची कोणाची?

व्यवस्थापनाचे हे शास्त्र शिकलेल्या शहरी माणसांचे आहे, आपल्याला ते जमणार नाही, असे मानणाऱ्यांसाठी थोडा इतिहास सांगतो.

टोयोटाचे घराणे मुळात मागवाले. साकिची टोयोडा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग पूर्ण केला, त्यात धागा तुटला की माग आपोआप थांबे. खराब कापड विणत बसण्यापेक्षा थांबा, कारण शोधा आणि मग पुढे चला, हा त्यामागचा विचार. त्याच विचारावर पुढे त्यांचा मोटारीचा कारखाना उभा राहिला आणि आज भोसरी-चाकणची वर्कशॉपे तेच धडे गिरवतात. म्हणजे या विद्येचे एक टोक कापसाच्या धाग्याला बांधलेले आहे.

दुसरे टोक तर शेतातच आहे. आम्ही कृषी महाविद्यालयात असताना वाफे पाडून, चिठ्ठ्या टाकून कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यायचे ते ठरवत असू. ही पद्धत रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात बसवली. ते तिथे १९१९ साली दाखल झाले होते. एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ १९३६ साली लंडनला जाऊन फिशर यांच्याकडे शिकले आणि १९५० साली त्यांनी जपानी कारखानदारांना गुणवत्तेचे धडे दिले. शेतात मोजायला शिकलेली माणसे कारखान्यात गेली. कारखाना श्रीमंत झाला आणि शेतकरी मोजायचे राहून गेला.

आंधळे अनुकरण नको

कारखान्याच्या पद्धतीत सगळेच सोन्याचे आहे असे आम्ही म्हणत नाही. मोठा कारखाना आज साठा ठेवत नाही. लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल मागवतो आणि त्याला काटकसर म्हणतो. पण साठा कुठे नाहीसा होत नाही. तो भोसरीच्या वर्कशॉपवाल्याच्या गाळ्यात पडून राहतो किंवा रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रकमध्ये. त्याचे व्याज लहान माणूस भरतो.

कापसाचे असेच आहे. गिरणी लागेल तशी रुई घेते. बाकीचा कापूस शेतकऱ्याच्या घरात, माणसे झोपतात त्या खोलीत, छताला लागेपर्यंत भरलेला असतो. घट आपली, उंदीर आपले, आगीची भीती आपली आणि सावकाराचे व्याजही आपले. देशाचा कापसाचा साठा शेतकरी फुकटात सांभाळतो. कोणत्याही गोदामाने इतक्या दिवसांचे भाडे लावले असते.

वर्कशॉपवाल्यालाही मोठा कारखाना भाव कमी कर म्हणून पिळतोच. पण फरक असा की वर्कशॉपवाल्याजवळ खर्चाचा कागद असतो. या भावाच्या खाली गेलो तर बुडतो हे त्याला कळते आणि ते तो समोरच्याला दाखवू शकतो. आपण बाजार समितीच्या ओट्यावर उभे राहतो तेव्हा आपल्या हातात असा काही कागद नसतो.

एका एकराचा हिशेब

आता कोरडवाहू कापसाच्या एका एकराचा हिशेब मांडू. आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या गावचे वेगळे असतील, म्हणून शेजारी आपले आकडे लिहून पाहा.

नांगरणी, वखरणी, पेरणी ३,००० रुपये. बियाण्याची दोन पाकिटे १,८००. खत ४,०००. फवारणीचे औषध ३,५००. निंदणाची मजुरी ४,०००. डवरणी १,५००. पाच क्विंटलची वेचणी, किलोला १० रुपयांप्रमाणे ५,०००. वाहतूक आणि हमाली १,०००. या पैशाचे व्याज १,२००. एकूण २५,००० रुपये.

पाच क्विंटल कापूस ७,००० रुपयांनी विकला तर ३५,००० आले. हातात १०,००० राहिले. घरात आनंद झाला.

आता पुढचे लिहा. नवरा-बायको आणि म्हातारा मिळून ४० दिवस त्या एकरात राबले. ३०० रुपये रोजाने १२,००० झाले. खर्च ३७,०००. फायदा गेला आणि २,००० रुपये तोटा आला. आणखी पुढे : तीच जमीन मक्त्याने दिली असती तर ६,००० मिळाले असते, आणि बैलांत नि अवजारांत अडकलेल्या पैशाचे व्याज १,००० धरा. खर्च ४४,०००. तोटा ९,०००.

शेत तेच, कापूस तोच. वहीत काय लिहिले यावर १०,००० चा फायदा होतो की ९,००० चा तोटा, हे ठरते. क्विंटलचा खर्च पहिल्या हिशेबाने ५,००० रुपये, दुसऱ्याने ७,४०० आणि तिसऱ्याने ८,८००.

दिल्लीत कृषी खर्च व मूल्य आयोग बसतो, त्याच्याही भाषेत हे तीनच खर्च आहेत. पहिल्याला ते ए-२ म्हणतात, दुसऱ्याला ए-२ अधिक घरची मजुरी आणि तिसऱ्याला सी-२. स्वामिनाथन आयोगाची पन्नास टक्के नफ्याची शिफारस तिसऱ्या खर्चावर धरून शेतकरी चळवळी भाव मागत आल्या. २०१८ च्या अर्थसंकल्पात सरकारने दीडपट भावाची घोषणा केली, ती दुसऱ्या खर्चावर. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० जाहीर झाला. ७,७१० हा दीडपट म्हटला तर सरकारच्या वहीत एक क्विंटल कापूस ५,१४० रुपयांत पिकतो. ज्वारीचेही तेच. संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये जाहीर झाले, म्हणजे सरकारी खर्च २,४६६.

हा आकडा साऱ्या देशाच्या सरासरीचा आहे. त्यात पाणी असलेले रानही आले. आपल्या रानात पाऊस ओढला आणि पाचाऐवजी तीनच क्विंटल झाले, तर वेचणीचे २,००० वाचतात, बाकी खर्च होऊन गेलेला असतो. मग घरच्या मजुरीसकट ३५,००० रुपये तीन क्विंटलांनी भागावे लागतात आणि खर्च क्विंटलला साडेअकरा हजारांच्या पुढे जातो. हे दिल्लीला दाखवायचे कशाने? आपल्या तालुक्याच्या दहा वर्षांच्या वह्या असत्या तर दाखवता आले असते.

चाकणचा धडा

ही गोष्ट चळवळीला नवी नाही. नाशिक फाट्यावरून निघणारा रस्ता ज्या चाकणला जातो, तिथे आज बजाज, महिंद्र, फोक्सवॅगनचे कारखाने आहेत. पण त्याआधी चाकणचे नाव महाराष्ट्रात झाले ते कांद्यामुळे. स्वित्झर्लंडमधली बर्नची संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेतली नोकरी सोडून शरद जोशी चाकणजवळच्या आंबेठाणला आले, १९७७ साली जमीन घेतली आणि स्वतः शेती करून तिचा काटेकोर हिशेब ठेवला. शिकलेला माणूस, हाती भांडवल, आणि तरी हिशेब तोट्याचा. माल विकून शेतकऱ्याच्याच अंगावर देणे निघावे, अशी उलटी पट्टी शेतकऱ्याच्या हातात पडते हे त्यांनी उघड्यावर मांडले. शेती तोट्यात आहे याचे कारण शेतकऱ्याचा आळस किंवा अडाणीपणा नसून भावाचे धोरण आहे, हे त्या वहीतून निघाले. त्यानंतर चाकणला कांद्याचे आंदोलन झाले आणि याच पुणे-नाशिक रस्त्यावर शेतकरी बसले.

रस्त्यावर बसण्याआधी वही लिहिली गेली होती, हे आपण विसरलो. घोषणा लक्षात राहिल्या आणि वही मागे पडली.

दुसऱ्यांच्या वह्या

आपली वही नव्हती तेव्हा आपल्या नावाने दुसऱ्यांनी लिहिल्या. १९७२ पासून सुमारे तीस वर्षे राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस आपला, पण प्रत कोणती, कपात किती, पुढचा हप्ता कधी, हे सारे दुसऱ्याच्या रजिस्टरात ठरे. २०१७ च्या कर्जमाफीत अर्ज ऑनलाइन भरायचे होते. नवरा-बायको अंगठा लावायला केंद्रापुढे रांगेत उभे राहिले, आणि बँकांच्या याद्या नि अर्ज जुळेनात म्हणून काम रखडले. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला कापूस घालायचा तर आधी 'कपास किसान' या ॲपवर नोंद करावी लागली.

संगणक वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. तलाठ्याच्या दप्तरापेक्षा मोबाइलवरचा सातबारा बरा. पण या साऱ्या वह्यांत एक गोष्ट सारखी आहे. शेतकऱ्याकडे किती जमीन आहे, काय पेरले, किती कर्ज आहे, हे त्या विचारतात. त्याचा खर्च किती झाला हे एकही विचारत नाही. जी वही खर्च विचारत नाही, ती आपल्या कामाची नाही. ती आपल्यावर नजर ठेवण्याच्या कामाची आहे.

पाच वेळा 'का?'

कारखान्यातली आणखी एक पद्धत मात्र आपण जशीच्या तशी उचलावी. काही बिघडले की 'का?' असे पाच वेळा विचारायचे. करून पाहू.

केंद्रावर कापसाचा भाव कापला. का? ओलावा जास्त निघाला. सीसीआयकडे ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव मिळतो, त्याच्या वर त्या प्रमाणात कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाहीत. ७,७१० च्या भावात चार टक्के म्हणजे क्विंटलला तीनशेच्या वर रुपये गेले.

ओलावा जास्त का? सकाळी दवात वेचला आणि न वाळवता ढीग मारला.

दवात का वेचला? वेचणीचे मजूर सकाळीच गाडी करून येतात आणि मजुरी किलोवर असते. ओला कापूस जड भरतो. म्हणजे पाण्याची मजुरीही आपणच दिली.

मजुरांच्या वेळेवर आपण का चालतो? वेचणीच्या दिवसांत माणसे मिळत नाहीत.

माणसे का मिळत नाहीत? घरची पोरे कासारवाडीच्या खोलीत झोपली आहेत. कारण शेतीत त्यांना रोजही पडत नाही. भाव नाही.

या पाच उत्तरांत पहिली दोन-तीन आपल्या हातातली आहेत. ऊन वर आल्यावर वेचणे, ताडपत्रीवर दोन दिवस वाळवणे, गावात चार घरांनी मिळून ओलावा मोजायचे यंत्र घेणे, हे कोणाच्याही परवानगीवाचून होईल. शेवटचे उत्तर धोरणाचे आहे आणि त्यासाठी संघटनाच लागेल. वही नसेल तर या दोन गोष्टींची गल्लत होते. मग पुढारी येऊन सांगतो की तुम्ही उत्पादकता वाढवा, सगळे तुमच्याच हातात आहे. किंवा आपणच म्हणत बसतो की सगळे सरकारच्या हातात आहे, आपण काय करणार. दोन्ही खोटे, आणि दोन्हींचे उत्तर वहीत आहे.

काय करायचे

जिल्हा बैठकीपुढे आम्ही एक साधा कार्यक्रम ठेवत आहोत. प्रत्येक गावात पाच घरांनी यंदाच्या हंगामाची वही ठेवावी. दोन घरे कापसाची, दोन ज्वारीची, एक मिश्र पिकाचे. शंभर पानी वही पुरे. चार रकाने : तारीख, काम, रोख गेलेला पैसा, घरच्या माणसांचे नि बैलांचे दिवस. लिहायचे त्याच दिवशी, संध्याकाळी. हंगाम संपल्यावर आठवून लिहिलेला आकडा कारखान्यात चालत नाही आणि आपणही चालवू नये.

विक्रीची पट्टी वहीला टाचून ठेवा. पक्की पट्टी मिळाली नाही तर मागून घ्या. ज्वारीच्या घरांनी कडब्याच्या पेंड्या मोजून लिहाव्यात, विकल्या असोत वा नसोत.

वही घरातल्या बाईच्या हातात असावी असे आमचे मत आहे. घरचे कोण किती दिवस राबले हे तिला पाठ असते. ती लिहील तेव्हा तिचे दिवसही प्रथमच कागदावर येतील.

आकडा फुगवू नका. एक खोटी वही शंभर खऱ्या वह्यांना खोटे पाडते. तोटा कमी निघाला तर कमी लिहा. कोणाला फायदा झाला असेल तर तोही लिहा, म्हणजे त्याने काय वेगळे केले ते बाकीच्यांना कळेल.

कासारवाडीतल्या पोरांनाही यात घ्या. त्यांना तक्ता भरता येतो आणि मोबाइलवर हिशेब मांडता येतो. सुट्टीत घरी आला की त्याने बापाच्या वहीची बेरीज करून द्यावी. मालकासाठी रोज करतो, घरासाठी वर्षातून दोनदा करील.

वही लिहून भाव मिळतो का, असे कोणी विचारील. नाही मिळत. भाव बाजारातल्या ताकदीने मिळतो आणि ती ताकद संघटनेची. पण आपण काय मागतो हे आपल्यालाच ठाऊक नसेल तर समोरचा देईल ते घेऊन घरी यावे लागते, आणि आजवर आपण तेच करीत आलो.

पुढच्या बैठकीला येताना झेंडा आणाच. सोबत वही आणा, कोरी असली तरी चालेल. पहिले पान तिथेच बसून लिहू.